औषध एकच, माणसे निरनिराळी

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. माझे माहेर उदगीरचे, सासर भालकी तालुक्यातले. १९५६ पर्यंत हे दोन्ही तालुके हैदराबाद राज्याच्या एकाच बीदर जिल्ह्यात होते. पुढे राज्यांची फेररचना झाली आणि माहेर महाराष्ट्रात गेले, सासर कर्नाटकात राहिले. मुले आजीशी कन्नड बोलत, माझ्याशी मराठी, आणि आपापसांत भांडताना दोन्ही. सीमाभागातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. घरोघरी हेच आहे.

एरवी या दोन भाषांची आम्हाला मौजच वाटे. पण एकदा दवाखान्यात याच गोष्टीने आम्हाला चांगलाच धडा शिकवला. तो प्रसंग सांगितल्याशिवाय पुढचे बोलता येणार नाही.

साधारण २०११ साल असेल. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अत्ती म्हणायचो, पोटात दुखते म्हणून कुरकुरू लागल्या. सीमेपलीकडच्या एका शहरातल्या दवाखान्यात दाखवायचे ठरले. मला कॉलेजच्या परीक्षेचे काम, यजमान गावाला. सोबत गेला माझ्या दिरांचा मुलगा, तेव्हा एकोणीस वर्षांचा. अत्तींना मराठी समजायचे, पण बोलताना अडखळायच्या. डॉक्टर विचारायचे मराठीत, नातू सांगायचा कन्नडमध्ये, अत्ती उत्तर द्यायच्या, नातू ते मराठीत करायचा. "होट्टे नोवु" म्हणजे पोट दुखते, एवढेच दरवेळी पुढे गेले. ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. तीन महिन्यांत तीन खेपा झाल्या, गोळ्यांचा रंग बदलला, दुखणे मात्र तसेच.

चौथ्या खेपेला सलाईन लावायला एक सिस्टर आल्या. त्यांनी नातवाला काहीतरी आणायला खाली मेडिकलमध्ये पाठवले. अत्तींच्या खाटेवर टेकल्या, हात हातात घेतला आणि आमच्या भागातल्या कन्नडमध्ये विचारले, "एन् त्रास अद, अव्वा?" अव्वा म्हणजे आई. अत्ती रडू लागल्या. पाळी जाऊन बारा वर्षे झाली होती आणि गेले पाच महिने त्यांच्या अंगावरून रक्त जात होते. हे त्या नातवासमोर कसे बोलणार? नातवाने तरी ते परक्या पुरुष डॉक्टरला कोणत्या शब्दांत सांगायचे?

तपासण्या झाल्या. गर्भाशयाचा कर्करोग निघाला. तीन महिने वाया गेले होते. नशिबाने फार उशीर झाला नव्हता.

डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला असे मी म्हणणार नाही. त्यांना जे सांगितले गेले, त्यावर त्यांनी औषध दिले. नातवाचाही दोष नाही. चूक आमची, घरातल्या मोठ्या माणसांची. दवाखान्यात नेले म्हणजे कर्तव्य संपले असे आम्हाला वाटले. पण रोगी दवाखान्यात एकटा जात नाही. त्याची भाषा, लाज, देव, उपास, नातीगोती, सगळे त्याच्याबरोबर आत जाते. ते दाराबाहेर चपलांसारखे काढून ठेवता येत नाही.

एक शब्द, दोन अर्थ

आपल्याकडे दुखण्याचे शब्द किती! मराठीत ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, मुरडा वेगळा. कन्नडमध्ये "उरि" म्हणजे जळजळ. मराठी कानाला ते "उरी", म्हणजे छातीत, असे ऐकू येते. कन्नडमध्ये "बेने" म्हणजे वेदना. बाळंतपणाच्या कळांनाही बेनेच म्हणतात. मराठी शेतकऱ्याला मात्र बेणे म्हटले की ऊस आठवतो. इतकेच कशाला, कन्नडच्या कन्नडमध्येही फरक. आपल्याकडे आजाराला "जड्डु" म्हणतात, तर म्हैसूर-बंगळूरकडून बदलून आलेल्या सिस्टर "काइले" म्हणतात. त्यात आपल्या बीदर-कलबुर्गीत उर्दू आणि तेलुगू बोलणारेही वॉर्डात शेजारच्या खाटेवर असतात, आणि खासगी दवाखान्यातल्या सिस्टर कितीदा केरळच्या असतात.

पण गंमत पाहा. "दवाखाना" हा शब्द निजामी राजवटीने सगळ्यांना सारखाच दिला. "त्रास" दोन्हीकडे चालतो. "अक्का" दोन्हीकडे चालते. त्या सिस्टरने अत्तींना "पेशंट" म्हटले नाही, "अव्वा" म्हटले. त्या एका शब्दाने जे साधले ते तीन महिन्यांच्या गोळ्यांनी साधले नव्हते.

परिचर्येचे एक शास्त्र

या विषयाचे एक शास्त्रच आहे हे मला नंतर वाचनातून कळले. मॅडेलिन लेनिंजर (१९२५–२०१२) या अमेरिकन परिचारिका. १९५० च्या दशकात त्या मनाने आजारी असलेल्या मुलांच्या संस्थेत काम करीत होत्या. तिथे निरनिराळ्या समाजांतून आलेली मुले होती. सगळ्यांना एकाच प्रकारची देखभाल दिली तरी ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला, न्यू गिनीतल्या गॅडसप लोकांत जाऊन राहिल्या, आणि परिचर्या व संस्कृती यांचा मेळ घालणारी एक स्वतंत्र विद्याशाखा उभी केली. आज नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव पाठ असते.

त्यांच्या सांगण्याचे सार आपल्या घरगुती भाषेत सांगायचे तर असे: रोग्याच्या चालीरीतींचे तीन भाग करावेत. काही जपाव्यात, काहींशी जुळवून घ्यावे, आणि काही समजुतीने बदलाव्यात. सगळेच जुने ते सोने नाही, आणि सगळेच जुने ते खुळेही नाही. आपल्या भागाला हे तिन्ही कसे लागू पडतात ते पाहू.

काय जपावे?

मराठीत बाळंतीण, कन्नडमध्ये बाणंति. शब्दांचे नाते सांगावे लागत नाही, कानालाच कळते. पहिलटकरणीने माहेरी जायचे, कन्नडमध्ये ज्याला तवरुमने म्हणतात तिथे. डोहाळजेवण म्हणा की कुबस म्हणा, तिचे कोडकौतुक करायचे. डिंकाचे लाडू, ज्यांना आपण अंटिन उंडि म्हणतो, खारीक-खोबरे, अळीव, शेपूची भाजी, कोमट पाणी, तेलाची हलक्या हाताची मालिश. यात वाईट काय आहे? थकलेल्या आईला विश्रांती, पोषण आणि चार मायेची माणसे मिळतात. तिला शेतात किंवा चुलीपुढे लगेच जुंपले जात नाही. हे जपलेच पाहिजे.

अमेरिकेत असलेल्या माझ्या एका मैत्रिणीने सांगितले, तिकडे बाळंत झाल्यावर सिस्टरने तिला प्रेमाने बर्फ घातलेले पाणी आणून दिले. ती दचकली, आणि सोबत गेलेली तिची आई तर हबकलीच! तिकडच्या रिवाजात ते अगदी सहज होते. कोमट पाणी मागितल्यावर तेही मिळाले. मागावे लागले, एवढेच.

कशाशी जुळवून घ्यावे?

अत्तींचे ऑपरेशन ठरले. थिएटरमध्ये नेण्यापूर्वी अंगावरचे सगळे दागिने काढा असे सांगण्यात आले. नियम बरोबरच आहे; धातूमुळे भाजण्याचा धोका असतो आणि निर्जंतुकपणाही सांभाळावा लागतो. पण अत्तींच्या गळ्यात इष्टलिंग होते. लिंगायत घरात जन्मल्यापासून ते त्यांच्या अंगावरून उतरले नव्हते. मंगळसूत्र काढणेही त्यांना अशुभ वाटत होते. "मग मला घरी न्या," असे त्या म्हणू लागल्या.

त्याच सिस्टर पुन्हा आल्या. त्यांनी वाद घातला नाही. इष्टलिंग स्वच्छ कपड्यात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि अत्तींना दाखवले की सुनेच्या हातात आहे, ट्रेवर नाही. मंगळसूत्राच्या जागी हळदीचा दोरा मनगटाला बांधायला त्यांनी डॉक्टरांना विचारून परवानगी घेतली. शुद्धीवर आल्यावर पहिले काम म्हणून इष्टलिंग परत गळ्यात, असे वचन दिले आणि पाळले. नियम एकही मोडला नाही. पाच मिनिटे जास्त लागली, इतकेच.

उपासतापासांचेही तसेच आहे. मधुमेहाच्या रोग्याला एकादशी, श्रावणी सोमवार, रमजानचे रोजे सोडा असे नुसते सांगून उपयोग नसतो. तो डॉक्टरसमोर हो म्हणतो आणि घरी जाऊन उपास करतो. गोळी मात्र नेहमीच्या वेळेला घेतो, मग साखर उतरून चक्कर येते. त्यापेक्षा आधीच मोकळेपणाने विचारले तर डॉक्टर कुणाला गोळीची वेळ व मात्रा बदलून देतील, कुणाला उपास करूच नका असे कारणासह सांगतील. आपली येळ अमावस्या घ्या. शेतात आंबील, भज्जी, भाकरी, आणि आग्रह तर असा की जेवणाऱ्याने हात जोडावेत. त्या दिवशी काय आणि किती खावे हे आधी सांगणारा आहारतज्ज्ञ आपला वाटतो. "गोड बंद" एवढेच लिहिणारा परका वाटतो. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण हे आपले रोजचे जेवण. कागदावर नुसते ओट्स आणि ब्रेड लिहून दिले तर तो कागद घरी चुलीत जातो.

मनाच्या आजाराचे तर विचारूच नका. अफजलपूर तालुक्यातले गाणगापूर हे महाराष्ट्र-कर्नाटक दोन्हीकडच्या दत्तभक्तांचे श्रद्धास्थान. "बाधा झाली" म्हणून माणसांना तिथे घेऊन येणारी कुटुंबे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्या श्रद्धेची चेष्टा करून काही साधत नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या मीरा दातार दर्ग्यात "दवा आणि दुवा" असा उपक्रम झाला. दुवा मागायला आलेल्याला तिथल्याच मुजावरांनी मानसोपचाराच्या डॉक्टरकडेही पाठवायचे, ही त्यातली कल्पना. देव सोडा असे कुणी म्हटले नाही. गोळीही घ्या असे म्हटले. पण दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण पळूही शकले नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने माणसाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. तेव्हा जुळवून घेण्यालाही मर्यादा आहे.

काय बदलावे?

काही गोष्टी मात्र बदलल्याच पाहिजेत, कितीही जुन्या असोत. बाळाला पहिले चिकाचे दूध न देता ते पिळून टाकायचे आणि मध किंवा गुळाचे पाणी चाटवायचे, ही त्यातली एक. चिकाच्या दुधात रोगाशी लढणारी द्रव्ये असतात. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला आईच्या अंगावर घ्यावे आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गायीच्या चिकाचा खरवस, आपल्याकडचा गिण्णु, आपण आवडीने खातो, आणि आईचा चीक मात्र टाकतो! यापेक्षा उलटा न्याय कोणता?

नाळेला राख किंवा शेण लावणे ही दुसरी. यातूनच नवजात बाळांना धनुर्वात होत असे. आईला लस, स्वच्छ बाळंतपण आणि कोरडी नाळ, या तीन साध्या गोष्टींनी तो इतका कमी झाला की २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य करण्यात आले. दारे-खिडक्या बंद करून बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवणे ही तिसरी. त्या धुरात न दिसणारा विषारी वायू असतो. बाळंतिणीला पाणी मोजून देणे ही चौथी. दूध पाजणाऱ्या आईला उलट जास्त पाणी हवे. पोट फुगले किंवा कावीळ झाली म्हणून लेकराला डागणे, आपण ज्याला बरे देणे म्हणतो, ही पाचवी. या इवल्याशा जिवाला चटका देऊन कोणता रोग पळाला?

आणि एक गोष्ट आपल्या मातीतल्या माणसांनी विसरू नये. विटाळाच्या नावाखाली बाळंतिणीला आणि पाळीतल्या बाईला दूर बसवणे, तिच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करणे, याला बाराव्या शतकातच आपल्या बसवकल्याणातून विरोध झाला. जन्म, मरण, रजस्राव, उष्टे आणि जात ही पाच सुतके शरणांनी नाकारली. ज्या जिल्ह्यात हे घडले त्याच जिल्ह्यात माझ्या अत्ती पाच महिने रक्तस्राव लपवत होत्या, कारण "असले" बोलायचे नसते असे त्यांना लहानपणापासून शिकवले गेले होते. आपण शरणांच्या जयंतीला हार घालतो, पण घरातल्या बाईला तोंड उघडू देत नाही.

एक शहर, एक साथ, दोन रीती

चाली बदलायच्या कशा, हा खरा प्रश्न आहे. १८९७ सालचे पुणे आठवा. प्लेगची साथ होती. रँडसाहेबाच्या अधिकारात गोरे सोल्जर घराघरांत घुसले, देवघरे आणि स्वयंपाकघरे तुडवली, बायाबापड्यांची तपासणी केली. रोग खरा होता, घरे तपासण्यामागचे कारणही खरे होते. पण माणसांची अब्रू मातीत गेली. लोक रोगी लपवू लागले, आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी, त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंताच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एका साथीला दिलेली ही दोन उत्तरे. एका बाजूला हुकूम होता, दुसऱ्या बाजूला हात.

शुश्रूषेचे काम करणाऱ्या बाईकडे तरी आपण कोणत्या नजरेने पाहिले? १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण देण्याची त्यांनी खटपट केली, तेव्हा भल्या घरच्या बाईने परजातीच्या, परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काय, असा गहजब झाला. आज ती भाषा कुणी वापरत नाही. पण नर्सिंग शिकलेल्या मुलीचे स्थळ आले की "रात्रपाळी असते का हो?" हा प्रश्न अजून आपल्या घरांतून विचारला जातो. आजारपणात देवी आणि सोयरिकीत परकी, असे कसे चालेल?

दवाखाना गावासारखा

गडचिरोलीचे उदाहरण मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे काम सुरू केले तेव्हा गोंड आदिवासी दवाखान्यात यायला बिचकत. बंग दांपत्याने त्यांनाच विचारले, तुमचा दवाखाना कसा असावा? त्यातून शोधग्राममधला दवाखाना मोठ्या इमारतीऐवजी आदिवासी पाड्यासारखा, झोपड्यांचा झाला. नातेवाईक रोग्याजवळ राहू शकतील अशी सोय झाली. नाव दिले माँ दंतेश्वरी दवाखाना, त्यांच्या देवीचे. गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून त्यांनी ३९ गावांत जे काम केले, त्यातून नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

त्याआधी १९७० मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी कमी शिकलेल्या, कित्येकदा निरक्षर अशा खेड्यातल्याच बायांना आरोग्यसेविका केले. शहरातून येणाऱ्या शिकलेल्या नर्सपेक्षा गावातली बाई गावाला जास्त पटते, हे त्यांनी ओळखले. कर्नाटकात बिळिगिरीरंगन डोंगरात डॉ. सुदर्शन यांनी १९८१ पासून सोलिग आदिवासींमध्ये अशीच वाट धरली. २००५ पासून आपल्या गावोगावी ज्या आशाताई फिरतात त्यांच्यामागे हाच विचार आहे: औषध सरकारचे, पण सांगणारी आपली.

आणि सुईण? कन्नडमध्ये तिला सूलगित्ति म्हणतात. पावगड तालुक्यातल्या सूलगित्ति नरसम्मा यांनी सत्तर वर्षांत पंधरा हजारांवर बाळंतपणे केली, तीही एक पैसा न घेता. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्या निवर्तल्या. आज बाळंतपण दवाखान्यातच व्हावे, यात शंका नाही. पण सुईणीच्या हातातला तो धीर दवाखान्यातही यायला हवा.

सांगावे की लपवावे?

संस्कृतीचा आणखी एक अवघड प्रश्न आमच्यासमोर आला. अत्तींना कर्करोग आहे हे त्यांना सांगायचे का? अमेरिकेत डॉक्टर आधी रोग्याला सांगतात. त्याच्या परवानगीशिवाय मुलालाही सांगत नाहीत. आपल्याकडे उलट. रिपोर्ट मुलाच्या हातात, आणि रोग्याला "गाठ आहे, काढली की बरे वाटेल." जपानमध्येही अनेक वर्षे असेच चाले. आम्हीही तेच केले.

ऑपरेशननंतर आठवडाभराने अत्ती मला म्हणाल्या, "तुम्ही कुणी सांगितले नाही, पण मला ठाऊक आहे. मी सिस्टरला विचारले. ती खोटे बोलली नाही. डॉक्टरांना बोलावते, म्हणाली. डॉक्टरांनी सगळे सांगितले." मग थोडे थांबून म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले होते." आम्ही त्यांना जपत होतो, आणि त्या आम्हाला. त्या लपवाछपवीत एक आठवडा आम्ही एकमेकांशी मोकळेपणाने बोललो नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

सर्वांनी अमेरिकेसारखे करावे असे माझे म्हणणे नाही. पण रोग्याला एकदा विचारावे: तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे? कुणाला सगळे हवे असते, कुणी म्हणते "माझ्या लेकाला सांगा." दोन्ही चालेल. निवड मात्र त्याची असावी.

माणसाजवळ माणूस

१० मार्च २०२० रोजी देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू झाला तो आपल्या कलबुर्गीचा होता. पुढच्या दोन वर्षांत आपण जे पाहिले ते विसरता येणार नाही. आपल्याकडे एक माणूस दवाखान्यात असला की चार माणसे वऱ्हांड्यात असतात. डबा घेऊन येणारा वेगळा, रात्री खाली सतरंजी टाकून झोपणारा वेगळा. कोरोनात ती सगळी माणसे फाटकाबाहेर राहिली. कुणाला दफन, कुणाला दहन, कुणाला समाधी. पण शेवटचे तोंड पाहणेही कित्येकांच्या नशिबी आले नाही. त्या दिवसांत अंगभर प्लास्टिकचा पोशाख घातलेल्या परिचारिकांनी रोग्यांच्या कानाशी मोबाईल धरले, घरच्यांचे आवाज त्यांच्यापर्यंत पोचवले. तेव्हा कळले, नातेवाइकांची गर्दी ही नुसती कटकट नसते, तोही उपचाराचा एक भाग असतो. आता मात्र आपणही शिस्त शिकली पाहिजे. एक माणूस जवळ, बाकीचे घरी, हे जमायला हवे.

न्यूझीलंडमध्ये इरिहापेती राम्सडेन (१९४६–२००३) या माओरी परिचारिकेने एक फार मोलाचे सांगितले. सेवा चांगली झाली की नाही हे सेवा देणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने ठरवायचे. रोग्याला तिथे आपला अपमान होणार नाही असे वाटले पाहिजे. त्यांच्या प्रयत्नांतून १९९० च्या दशकात तिथल्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हा विचार आला.

आपण काय करावे?

वाचकहो, सगळा भार सिस्टर आणि डॉक्टरांवर टाकून मोकळे होऊ नका. घरातले मूल किंवा नातू दुभाषी म्हणून पाठवू नका. बाईबरोबर जाणती बाई पाठवा. आजाराची हकीकत, चालू गोळ्या, आधीची ऑपरेशने एका कागदावर लिहून ठेवा. एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड. सीमा कोणत्याही बाजूने ओलांडली तरी उपयोगी पडेल. आपले उपास, देशी काढे, हकिमाचे औषध डॉक्टरांपासून लपवू नका. स्त्रीडॉक्टर किंवा सिस्टर समोर असावी असे वाटले तर संकोच न करता मागा. अंगावरचे धार्मिक चिन्ह काढायचे असेल तर कोण सांभाळणार हे आधीच ठरवा. आणि पाळी गेल्यानंतर वर्षभराने केव्हाही, थेंबभर का होईना, रक्त दिसले तर त्याच आठवड्यात दाखवा. हे वाक्य घरातल्या प्रत्येक बाईला वाचून दाखवा, कन्नडमध्ये सांगावे लागले तर कन्नडमध्ये सांगा.

अत्ती त्यानंतर सात वर्षे जगल्या. नातवंडांची लग्ने पाहिली, येळ अमावस्येला शेतात जाऊन आंबील प्यायल्या. २०१८ मध्ये घरीच, आपल्या माणसांत, गळ्यात इष्टलिंग असताना त्या शांतपणे गेल्या. त्यांच्या डब्यात एक चिठ्ठी सापडली. त्या सिस्टरचा फोन नंबर होता, आणि नातवाकडून कन्नडमध्ये लिहून घेतलेला एकच शब्द: मगळु. म्हणजे लेक.